डावा झाला, उजवा राहिला

डावा बूट फर्म्यावर, म्हणजे बूट घडवायच्या लाकडी ठोकळ्यावर, चढला त्या संध्याकाळी मी त्याचे सतरा फोटो काढले. वरून, बाजूनं, अगदी नाकासमोरून. मला बूट करायला शिकवणारे मास्तर हात पुसत आले, बूट उचलून दिव्याकडे धरला, नाकापासून टाचेपर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरा झालाय. आता याच्यासारखाच दुसरा करा, म्हणजे जोडा होईल."

मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. एक जमला म्हणजे दुसरा जमणारच. उलट हात बसल्यामुळे लवकर आणि जास्त चांगला जमेल, असा माझा साधा हिशेब. पुढचे तीन महिने तो हिशेब चुकत राहिला.

या फंदात पडलो तो रागातून. मी हौसेनं जुन्या वळणाचे ऑक्सफर्ड बूट घेतले होते. १९३०च्या सुमाराचे बूट असत तसे: लांबट नाक, बारीक कंबर, नाकावर आडव्या शिवणीची टोपी, कडेनं एकसारखे दिसणारे पांढरे टाके. दोन वर्षांत सोल फाटला. नवीन सोल लावून घ्यायला मास्तरांकडे गेलो, तर त्यांनी बूट वाकवून पाहिला, कडेला रापीचं, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराचं, टोक सरकवलं आणि सोल वहीच्या पानासारखा सुटून आला. आत दाबलेला पुठ्ठा आणि बोटभर स्पंज. कडेचे टाके सोलपर्यंत पोचतच नव्हते; ते नुसते दिसण्यासाठी होते. "टाका घालायचा तर कशात घालू?" मास्तरांनी विचारलं. "पुठ्ठ्यात?"

मग त्यांनी फळीवरून एक जुना बूट काढून दाखवला. चार वेळा सोल बदललेला. वरचं चामडं काळंभोर आणि मऊ, घडीच्या जागी सुरकुत्या, पण कुठे चीर नाही. मी विचारून टाकलं, शिकवाल का? त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कळफलक बडवणारे हात लपत नाहीत. "रविवारी या," म्हणाले. "बोट कापलं तर ओरडायचं नाही."

पहिल्या रविवारी चामड्याला हातही लावू दिला नाही. माप घेतलं, तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळचं माप संध्याकाळी चावतं. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं, पेन्सिल अगदी सरळ धरून कड काढायची. मग फीत: चवड्याभोवती, पावलाच्या उंचवट्याभोवती, टाचेपासून तिरकी उंचवट्यावरून. निघालं काय, तर माझा उजवा पाय डाव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब आणि डाव्याचा चवडा जास्त रुंद. मी जरा ओशाळलो. मास्तर म्हणाले, बहुतेकांचं असंच असतं, फक्त कुणी मोजत नाही.

दुकानातला आकडा यातलं काहीच सांगत नाही. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणून ४२ नंबरचा फर्मा २८ सेंटिमीटर लांब. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आलेला. दोन्ही आकडे लांबीचे. रुंदीचं काय, उंचवट्याचं काय, टाच किती अरुंद, हे ज्याचं त्यानं बघून घ्यायचं. सतराव्या-अठराव्या शतकांत तर डावा-उजवा हा भेदच बहुतेक बुटांना नव्हता. एकाच सरळ फर्म्यावर दोन्ही बूट होत आणि पायानं त्यांना हळूहळू आपापलं वळण लावायचं. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा ठाऊक असतं, तर मी त्या काळात जन्मायचं मागून घेतलं असतं.

फर्मा म्हणजे पायाची प्रतिकृती, अशी माझी समजूत होती. तसं नाही. फर्मा टाचेशी पायापेक्षा बारीक असतो, म्हणजे बूट मागून धरून ठेवतो. पुढे तो पायापेक्षा लांब असतो, लांबट नाकाच्या बुटात तर चांगला दोन सेंटिमीटरपर्यंत. टाच किती उंच करायची हेही त्यातच ठरून गेलेलं असतं. नंतर मनात आलं म्हणून टाच वाढवली, तर बुटाचं नाक आभाळाकडे बघू लागतं. मास्तरांकडचे फर्मे लाकडी, हाताच्या घामानं तुळतुळीत झालेले. माझ्या मापाच्या जवळचा एक जोड त्यांनी निवडला आणि त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून, घासून, माझ्या पायांसाठी भर घातली. उजव्याला नाकाशी, डाव्याला चवड्याशी. मग दोन्ही फर्मे शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले, पुन्हा घासले, पुन्हा बघितले. मी विचारलं, माप तर आलंय ना? म्हणाले, "फरक पायाला कळला पाहिजे, डोळ्याला नाही."

बुटाच्या घाटावरून आमचा वाद झाला. मास्तर डर्बी म्हणत होते, मला ऑक्सफर्डच हवे होते. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या भोकांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या भागाच्या खाली शिवलेल्या असतात, म्हणून बूट मिटल्यासारखा, नेटका दिसतो. डर्बीत त्या पट्ट्या वरून शिवलेल्या, त्यामुळे मोकळ्या उघडतात आणि माझ्यासारख्या उंच उंचवट्याच्या पायाला जागा देतात. डर्बीसारख्याच उघड्या बांधणीला ब्ल्यूशर म्हणतात. १८१५ साली वॉटर्लूला लढलेल्या प्रशियन सेनापतीचं ते नाव. एवढी थोरवी ऐकूनही मी हटलो नाही. मास्तरांनी मान हलवली आणि उंचवट्यावर आणखी एक तुकडा चिकटवला. नक्षीच्या भोकांबाबत मात्र त्यांनी माझं चालू दिलं नाही. नाकावर भोकांची वेलबुट्टी असलेला ब्रोग मला फार आवडतो. पण ते म्हणाले, आधी साधी टोपी, एक सरळ रेघ. तेव्हा मला वाटलं, नवशिक्यासाठी सोपं म्हणून सांगताहेत. उलट होतं. भोकांच्या नक्षीत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक लपून जातो. सरळ रेघ सगळं सांगून टाकते.

चामडं वासराचं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड, क्रोमनं कमावलेलं. सोल आणि आतला तळ मात्र झाडाच्या सालीत कमावलेल्या जाड चामड्याचे. क्रोमचं काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. जुन्या पद्धतीनं सालीच्या हौदात मुरवलेलं सोलचं चामडं वर्षभरही घेतं. ताज्या कापाला आलेला तो कडवट, ओल्या लाकडासारखा वास माझ्या बोटांवरून सोमवारीसुद्धा जात नसे.

कापणी म्हणजे साच्याभोवती सुरी फिरवणं, एवढंच मी धरून चाललो होतो. आधी चामडं हातानं ताणून बघायचं: कुठल्या दिशेला ते ओढलं जातं, कुठल्या दिशेला ताठ राहतं. ताठ दिशा टाचेकडून नाकाकडे जायला हवी. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट आणि एकसारखा, तो पुढच्या भागासाठी. पोटाकडचा भाग सैल, तो जिभेला वगैरे, जिथे दिसत नाही तिथे. आणि डाव्या-उजव्याचे तुकडे शक्यतो लगतच्या जागेतून कापायचे, म्हणजे दोघांचा पोत आणि ताण एकच राहतो. जोड तिथूनच सुरू होते.

मी सगळं नीट केलं आणि बाहेरच्या बाजूचे दोन्ही तुकडे डाव्याच बुटाचे कापले. साचा उलटा करायला विसरलो. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली असतो, म्हणून बुटाची बाहेरची कडही थोडी खाली उतरवतात. आत-बाहेर अदलाबदल करून भागत नाही. मास्तर आले, त्यांनी तुकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "अरे, दोन्ही पाय डावे आहेत का तुझे?" त्या दिवसापर्यंत ते मला अहो-जाहो करत. तिथून मी 'अरे' झालो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

उजव्याचा तो तुकडा उरलेल्या चामड्यातून पुन्हा कापला. कण्याजवळची जागा संपली होती, म्हणून थोडा पोटाकडून घेतला. एवढ्याशा तुकड्यानं काय होणार आहे, असं म्हणालो. मास्तर काही बोलले नाहीत. आता वाटतं, त्यांनी मुद्दामच होऊ दिलं.

शिवणकामाबद्दल फार सांगत नाही. ते बहुतेक मास्तरांनीच यंत्रावर केलं. माझ्याकडे कडा तासायचं काम होतं. जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे रापीनं चामडं कागदाइतकं पातळ करायचं, नाहीतर शिवणीची गाठ पायाला टोचते. रापी तिरकी, जवळजवळ आडवी धरायची आणि ढकलायची. तीन तुकडे वाया घालवले. एकदा बोट कापलं. ठरल्याप्रमाणे ओरडलो नाही. कापडाची शिवण चुकली तर उसवता येते, चामड्यात सुईचं भोक कायमचं राहतं, म्हणून शिवणीच्या रेघेवर मला त्यांनी हात लावू दिला नाही. योग्यच केलं.

मग फर्म्यावर ओढणं. याच कामासाठी मी आलो होतो, हे मला ते करताना कळलं. आतला तळ भिजवून आधीच फर्म्याच्या बुडाशी चुकांनी (लहान खिळ्यांनी) ठोकून वाळवलेला असतो. त्याच्या कडेनं रापीनं एक उभी वरंबी कोरलेली असते, पुढे टाके त्यातूनच जातात. वरचं चामडं ओलसर करून, नाकात आणि टाचेत ताठपणासाठी जाड तुकडे खळ लावून घालून, ते फर्म्यावर चढवायचं आणि पकडीनं ओढायचं. पक्कड अशी असते की तिच्या एका जबड्याखाली हातोडीचा गोळा असतो. चामडं धरा, गोळ्यावर टेकून ओढा, ताण धरून ठेवा, आणि दुसऱ्या हातानं तोंडातली चूक काढून ठोका. हो, चुका तोंडात धरायच्या. पहिली ओढ नाकाशी, मग दोन बाजूंना, मग त्यांच्या मधे-मधे. प्रत्येक ओढीनं चामडं फर्म्याच्या थोडं आणखी जवळ जातं, आणि शेवटी कंबरेशी ते आत वळतं तेव्हा ढोबळ पिशवीचा एकदम बूट होतो.

लहान खिळ्याला चूक म्हणतात हे मला माहीत होतं, पण दिवसभर "आणखी एक चूक दे", "ही चूक काढ, ती राहू दे" असं ऐकत बसल्यावर माणूस जरा विचारात पडतो. बूट होईपर्यंत एका पायाला पन्नासेक चुका ठोकून झाल्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक पुढे काढायची असते.

चामडं ओढण्याचं हे काम कधी यंत्राला जमणार नाही, अशी कारखान्यांत बराच काळ खात्री होती. शिवणयंत्रं आली, सोल शिवायची यंत्रं आली, तरी ओढणारे कारागीर हातानंच ओढत. यान मॅट्झेलिगर नावाच्या, सुरिनाममध्ये जन्मून अमेरिकेतल्या लिन गावच्या बूट-कारखान्यात काम करणाऱ्या माणसानं १८८३ साली चामडं ओढायच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. हातानं दिवसाला पन्नासेक जोड ओढले जात, ते त्याच्या यंत्रानं कित्येक पटींनी वाढले. तो १८८९ मध्ये, चाळिशीही न गाठता, क्षयानं गेला. मला एका बुटाला चार तास लागले, म्हणून त्याच्याबद्दल आदर जरा जास्तच आहे.

डावा झाला. सतरा फोटो झाले. उजवा पुढच्या रविवारी ओढला, तोच क्रम, तितकाच जोर. डाव्याशेजारी ठेवला आणि पोटात खड्डा पडला. उजव्याची टोपी तिरकी होती. आतल्या बाजूला रेघ जागेवर, बाहेरच्या बाजूला तीन मिलिमीटर पुढे सरकलेली. पोटाकडून कापलेला तो सैल तुकडा ओढ लागताच लांबला होता आणि आपल्याबरोबर पुढच्या भागालाही घेऊन गेला होता. एकटा बघितला असता तर उजवा उत्तम होता. कुणालाही काही दिसलं नसतं.

"राहू दे," मी म्हणालो. "चालेल मला."

"चालणार कोण आहे? दोन पायांनी चालतोस ना?" मास्तर म्हणाले आणि पक्कड माझ्या हातात दिली.

सगळ्या चुका उपटल्या. चामडं पुन्हा ओलवलं, त्या सैल तुकड्याच्या आतून पातळ कापडी पट्टी चिकटवली म्हणजे तो ताणाला नाही म्हणेल, आणि पुन्हा ओढलं. या वेळी दुसऱ्या क्रमानं: आधी आतली बाजू पक्की, मग बाहेरची थोडी-थोडी, दर ओढीनंतर डाव्याशी मोजून. म्हणजे डाव्याला जे केलं तेच उजव्याला करायचं नसतं. डाव्याला जे झालं ते उजव्याला व्हावं म्हणून वेगळंच काहीतरी करावं लागतं. तीन रविवार गेले त्यात. शेवटी अर्धा मिलिमीटर उरला. मास्तरांनी तो चामड्यावर हातोडीचा पोलादी गोळा घासून जवळजवळ नाहीसा केला. कसा, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दोन आठवडे दोन्ही बूट फर्म्यावर वाळत ठेवले. तोवर मी दोरा करायला शिकलो. लिननचे अनेक पदर एकत्र पिळायचे, टोकं निमुळती करायची, राळ आणि मेणाच्या काळ्या गोळ्यावरून ओढून चिकट करायची, आणि दोन्ही टोकांना सुईऐवजी केस गुंफायचे. पूर्वी रानडुकराचा केस असे, आम्ही नायलॉनची तार वापरली. वाकड्या आरीनं आतल्या तळाची वरंबी, वरचं चामडं आणि वेल्ट, म्हणजे पुढे सोल जिला शिवायचा ती कडेची पट्टी, असं तिन्हींतून भोक पाडायचं, त्यातून दोन्ही टोकं समोरासमोरून घालायची आणि दोन्ही हातांनी बाहेर ओढायची. राळ गरम होते, ओढ थांबताच भोकात गोठते. पुढे एखादा टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. याच जोडणीचं यंत्रानं केलेलं रूप म्हणजे गुडइयर वेल्ट. रबर गंधकानं टिकाऊ करण्याच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेल्या गुडइयरच्या मुलाचं नाव त्याला मिळालं, १८७०च्या आसपासच्या त्याच्या पेटंटांमुळे. तिथे चामड्यात वरंबी कोरण्याऐवजी बहुधा कापडी वरंबी चिकटवतात. वाईट नाही ते. पण माझ्या तळहातांवर दोऱ्याचे वळ उठलेले असताना मला ते वाईट म्हणायची फार इच्छा होत होती.

डाव्याला ४४ टाके बसले, उजव्याला ४७. मी ते मास्तरांना सांगितलं नाही. त्यांनी मोजले नसतील असं मात्र वाटत नाही.

वेल्टच्या आत जी पोकळी राहते त्यात कंबरेशी पोलादी पट्टी आणि बाकी बुचाचा भुसा भरला. सोलचं चामडं भिजवून, हातोडीनं ठोकून घट्ट केलं, वेल्टला शिवलं. मग टाचा. चामड्याचे थर एकावर एक, प्रत्येक थर चिकटवून, खिळवून, तासून. दोन बूट टेबलावर ठेवले तर उजवा डुगडुगत होता. उजवा तासला, तर डावा उंच झाला. डावा तासला, तर उजवा पुढच्या बाजूला झुकला. दोन बोक्यांच्या भांडणात न्याय करणाऱ्या माकडासारखं माझं चाललं होतं. मास्तरांनी वेळीच रापी काढून घेतली नसती तर टाचाच उरल्या नसत्या. काचेच्या तुकड्यानं कडा खरवडल्या, काळ्या केल्या, गरम लोखंडानं मेण जिरवून घोटल्या.

आणि मग फर्मे काढायचा दिवस. वरची पाचर काढायची, फर्म्याच्या भोकात आकडा घालायचा, बूट पोटाशी धरून मागे ओढायचं. डावा 'फप्' असा हवेचा आवाज करत निघाला. उजवा निघेना. मी ओढला, मास्तरांनी बूट धरला आणि मी पुन्हा ओढला, तेव्हा आतून 'कट्' असं काहीतरी झालं आणि फर्मा हातात आला. मास्तरांनी बुटात हात घालून बोटानं चाचपलं. चेहऱ्यावर काही नाही. मग माझं बोट धरून आत नेलं. टाचेच्या मधोमध टोक होतं. आतला तळ फर्म्याला ठोकलेल्या चुकांपैकी एक मी काढायची विसरलो होतो, आणि तिच्यावर सोल, टाच सगळं चढवून बसलो होतो.

"चूक आत राहिली," मास्तर म्हणाले. तेवढंच.

ती काढायची म्हणजे आख्खी टाच उघडायची. मी तयार होतो, म्हणजे तसं म्हणालो तरी. त्यांनी मान हलवली, बूट लोखंडी पायावर पालथा घातला आणि बाहेरून टाचेवर हातोडीचे तीन ठोके दिले. टोक आत लोखंडावर आपटून मुडपलं आणि चामड्यात सपाट बसलं. वरून टाचेची मऊ गादी चिकटवली. आता बोटालाही काही लागत नव्हतं. टाच बदलायला आणशील तेव्हा निघेल, म्हणाले.

पॉलिशचं काम घरी केलं: क्रीम जिरवून, मग मेणाचे पातळ हात, पाण्याच्या थेंबासरशी. चकाकी फक्त नाकाला आणि टाचेला. जिथे बूट मोडतो तिथे जाड मेण तडकतं. पहिल्या दिवशी बूट कडक होते आणि चालताना करकरत होते. नाडीच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट होती, ती दोन महिन्यांत निम्मी झाली. उंचवट्यावर पहिले आठ दिवस चावले. डर्बीबद्दल मास्तर बरोबर होते, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

परवा बूट दाखवायला गेलो. त्यांनी सुरकुत्या पाहिल्या, डाव्या-उजव्याच्या वेगवेगळ्या पडल्या होत्या, आणि त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. माझे फर्मे फळीवर, दोरीनं एकत्र बांधून ठेवलेले होते. उजव्याच्या अंगावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. जवळ जाऊन वाचलं. माझं नाव, तारीख, आणि खाली: टाचेत चूक १.